पडीक रानातील वेडी बाभूळ आणि ट्रॅक्टरचा हेवी ड्यूटी स्लॅशर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. करमाळा तालुक्यात आपली ८ एकर वडिलोपार्जित जमीन १२ वर्षांपासून पडीक आहे आणि तिच्यात वेडी बाभूळ, टणटणी, तरवड व बोरीची झुडपे माजली आहेत. घरी ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, तेव्हा जेसीबीला तासावर भाडे देण्याऐवजी ६ फुटी हेवी ड्यूटी स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी झुडपे छाटणारे अवजार, घेऊन हे रान स्वतः मोकळे करता येईल का, आणि तसे करताना टायरांचे काय होईल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी सोलापूर जिल्ह्यातच भाड्याने ट्रॅक्टरची कामे करतो आणि गेली १४ वर्षे माझ्याकडे स्लॅशर आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की स्लॅशर आपले निम्मे काम फार चांगले करील. उरलेले निम्मे काम जमिनीखालचे आहे आणि ते तो करू शकत नाही. त्या दुसऱ्या निम्म्याची सोय आधी लावल्याशिवाय पहिल्याला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मला एका शेतकऱ्याच्या नुकसानीतून आले. स्लॅशर नवा असताना मी एका गावात ५ एकर रान माघात छाटून दिले. दोन दिवसांत जमीन दिसू लागली, मालक समाधानी होता आणि मीही होतो. पुढच्या दिवाळीत त्याच वाटेने जाताना पाहिले, तर जिथे एक खोड होते तिथे सात-आठ फुटवे पुरुषभर उंचीचे झाले होते आणि रान पूर्वीपेक्षा दाट झाले होते. मध्य व दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेले वेड्या बाभळीचे हे झाड जळणासाठी आणि ओसाड जमीन झाकण्यासाठी लावले गेले, ते त्याच्या याच गुणामुळे. त्याच्या बुंध्याचा जमिनीलगतचा आणि त्याखालचा वीतभर भाग सुप्त डोळ्यांनी भरलेला असतो. वरचे खोड कापले की ते सगळे डोळे एकदम जागे होतात, आणि खालची मुळे मोठ्या झाडाची असल्यामुळे फुटव्यांना अन्नपाणी भरपूर मिळते. त्यामुळे नुसती छाटणी म्हणजे वेड्या बाभळीला खतपाणी घालण्यासारखेच आहे. टणटणी आणि बोर यांचीही तीच रीत आहे, मात्र टणटणीचा गड्डा उथळ असतो आणि ओल्या जमिनीत तो टिकावाने सहज निघतो.

मग स्लॅशर कशासाठी वापरायचा? तो रानात शिरायला वाट करून देतो. काटवण उभे असताना जेसीबीच्या चालकाला बुंधा कुठे आहे हे दिसत नाही, त्याचा निम्मा वेळ काटेरी फांद्या बाजूला सारण्यात जातो आणि बकेटबरोबर वरची चांगली माती बांधावर जाऊन पडते. आपल्याकडच्या हलक्या, मुरमावरच्या जमिनीत वरचा वीत-दीड वीत थर हीच काय ती शेती असते. तो एकदा ढिगात गेला की पुन्हा पसरून पूर्ववत होत नाही. स्लॅशरने झाडोऱ्याचा चुरा करून जमिनीवर पसरवला, की मातीला धक्का लागत नाही, प्रत्येक खुंट डोळ्यांना दिसतो आणि मग जेसीबी फक्त मोठे बुंधे उपटण्यासाठी बोलावता येतो. माझ्या अनुभवात अशा रीतीने जेसीबीचे तास निम्म्याहून कमी लागतात.

आता यंत्राविषयी. बाजारात स्लॅशर या एकाच नावाखाली वेगवेगळी अवजारे विकली जातात. आंबा-काजूच्या बागेतील गवत कापणारा हलका स्लॅशर, उसाच्या पाचटाची कुट्टी करणारे यंत्र आणि द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या बारीक करणारा श्रेडर ही तिन्ही आपल्या कामाला निरुपयोगी आहेत. हेवी ड्यूटी म्हणून जो घ्याल, त्याच्या वरच्या पत्र्याची जाडी, गिअरबॉक्सची क्षमता आणि खालची थाळी पाहा. गिअरबॉक्सच्या उभ्या शाफ्टला खालून जाड, परातीसारखी गोल थाळी जोडलेली असते आणि तिच्या कडेला दोन किंवा तीन पाती मोठ्या बोल्टवर मोकळी फिरतील अशी लटकवलेली असतात. खुंट किंवा दगड लागला की पाते मागे वळते आणि थाळी खुंटावरून घसरत जाते, त्यामुळे धक्का थेट गिअरबॉक्सला बसत नाही. थाळीऐवजी नुसती आडवी पट्टी असलेले स्वस्त यंत्र खुंटावर अडकते आणि पहिल्याच दिवशी शाफ्ट वाकवून घेते. चांगला हेवी ड्यूटी स्लॅशर ३ इंच जाडीपर्यंतचे हिरवे खोड कापू शकतो, पण ती त्याची शेवटची मर्यादा समजावी. दिवसभर त्याच्याकडून दीड-दोन इंचांपर्यंतचेच काम घ्यावे आणि त्याहून जाड झाडे चेनसॉने वेगळी काढावीत.

आपल्या ट्रॅक्टरला मी ६ फुटीऐवजी ५ फुटी घ्यावा असे सुचवतो. ५० अश्वशक्तीच्या इंजिनातून पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टला, सुमारे ४२ ते ४३ अश्वशक्ती मिळते. गवताला ती ६ फुटी यंत्रासाठी पुरते, परंतु बाभळीच्या खोडांचा घोळका एकदम पात्यांखाली आला की इंजिन दबते, फेरे कमी होतात, आणि फेरे कमी झालेले पाते कापण्याऐवजी खोड फाडत बसते. फूटभर रुंदी कमी असली तरी तो तोटा भरून निघतो, कारण पूर्ण फेऱ्यांवर चालणारे ५ फुटी यंत्र न थांबता पुढे जात राहते. ५ फुटी यंत्राची कामाची रुंदी ओव्हरलॅप धरून सव्वाचार फूट, वेग ताशी २ किलोमीटर आणि वळणे व थांबणे जमेस धरले, तर तासाला अर्ध्या एकराच्या आतच काम होते. ८ एकर एकदा छाटायला त्यामुळे २० तासांच्या आसपास लागतील आणि दाट भागात आणखी जास्त. याहून जलद होईल असे कोणी सांगितले, तर त्याने फक्त गवत कापले आहे असे समजावे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आधी क्लच तपासा. एकेरी क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर पीटीओमधून उलटा येऊन ट्रॅक्टरला काही फूट पुढे ढकलत राहतो, आणि विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठावर ते काही फूट जीवघेणे ठरतात. आपला ट्रॅक्टर दुहेरी क्लचचा किंवा स्वतंत्र पीटीओचा असेल तर हा प्रश्न येत नाही. नसेल तर पीटीओच्या शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग क्लच बसवल्याशिवाय काम सुरू करू नका. साडेतीनशे-चारशे किलोंचे यंत्र मागे उचलले की पुढची चाके हलकी होतात, तेव्हा पुढे वजनाच्या प्लेटा लावा. रेडिएटरपुढे जाड जाळी बसवा. ट्रॅक्टरच्या पोटाखाली डिझेलचा पाइप, वायरिंग आणि हायड्रॉलिकच्या नळ्या कुठून जातात ते खाली वाकून एकदा पाहा, कारण पुढच्या अ‍ॅक्सलखाली वाकलेली बाभूळ उसळून नेमकी तिथेच लागते. मी पोटाखाली ४ मिलिमीटरचा पत्रा बसवून घेतला आहे.

पीटीओचा शाफ्ट दोन नळ्यांचा असतो. यंत्र खाली टेकलेले असताना आणि पूर्ण उचललेले असताना, दोन्ही वेळी त्या नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने गुंतलेल्या राहिल्या पाहिजेत, आणि सर्वांत जवळच्या स्थितीतही शाफ्ट आतून टेकता कामा नये. टेकला तर ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर ताण येतो. यंत्राबरोबर आलेला शाफ्ट लांब असेल तर तो मापाने कापावा लागतो आणि हे काम बहुतेक लोक टाळतात. शाफ्टवर शिअर बोल्ट असेल, तर तो तुटण्यासाठीच मऊ लोखंडाचा दिलेला असतो. वारंवार तुटतो म्हणून त्या जागी हाय टेन्साइल बोल्ट घातला, की पुढच्या खेपेला बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो. स्लिप क्लच, म्हणजे जास्त जोर आल्यावर घसरणारा क्लच, असेल तर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्रात त्याच्या तबकड्या गंजून चिकटतात. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे बोल्ट थोडे सैल करून, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून त्या एकदा घसरवून घ्याव्यात आणि मग बोल्ट पुन्हा पूर्वीच्या मापावर आणावेत. शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतील क्रॉसला रोज सकाळी ग्रीस द्यावे.

यंत्र जोडण्यापूर्वी रान पायी फिरणे हे माझ्या मते या साऱ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. १२ वर्षांच्या पडीक जमिनीत काय दडलेले असेल याची कल्पना मालकालाही नसते. कठडा नसलेली जुनी विहीर, बोअरचा वर आलेला केसिंग पाइप, हद्दीचे दगड, पडलेल्या कुंपणाची काटेरी तार, सोडून दिलेल्या ठिबकच्या नळ्या हे सर्व मला वेगवेगळ्या रानांत सापडलेले आहे. तार आणि ठिबकची नळी थाळीच्या वरच्या शाफ्टला गुंडाळली जाते, आतले ऑइल सील कापते आणि गिअरबॉक्सचे तेल कधी गळून गेले हे कळत नाही. घायपाताचे वाखही तसेच गुंडाळले जातात, म्हणून बांधावरचा घायपात आधी हाताने काढावा. गावातील जुन्या माणसाला बरोबर घ्या. विहीर कुठे होती हे त्याला आठवत असते. सापडलेल्या प्रत्येक वस्तूजवळ उंच काठी रोवून तिला चुना लावलेले किंवा रंगीत कापड बांधा. झुडपांत फुलोरी माशीचे पोळे, गांधीलमाश्या आणि घोणस यांची शक्यता धरूनच चाला, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. टिटवीची किंवा मोराची अंडी दिसली तर तेवढा तुकडा पिले निघून जाईपर्यंत सोडून द्यावा. आठ एकरांत दोन गुंठे महिनाभर राहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

या फेरीतच ठेवायची झाडे निवडा. कडुनिंब, हिवर, पळस, बोरीचे एखादे मोठे झाड यांच्या खोडाला चुन्याचा पट्टा ओढून ठेवा, नाहीतर ट्रॅक्टरवरच्या माणसाला सगळे सारखेच दिसते. ओढ्याच्या काठचा आणि उतारावरचा पट्टा मी कधीही एका वर्षात साफ करत नाही, कारण तिथली माती त्याच मुळांनी धरलेली असते. महाराष्ट्रातील १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्यात आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन अशी काही झाडे अनुसूचित आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर वनविषयक नोंद आहे का, तसेच गाव माळढोक अभयारण्याच्या क्षेत्राशी संबंधित आहे का, हे तलाठी आणि वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

प्रत्यक्ष काम जानेवारी-फेब्रुवारीत करावे. तेव्हा जमिनीतली ओल गेलेली असते, चाक रुतत नाही, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यातल्या शेंगा पिकून गळण्यापूर्वी झाड खाली येते. पहिली फेरी रानाच्या कडेने घ्या आणि दाट भागात यंत्राच्या रुंदीचा निम्मा किंवा दोन तृतीयांश भागच झाडोऱ्यात घाला, म्हणजे ट्रॅक्टरचे एका बाजूचे चाक कापलेल्या जागेवरून चालते. पहिल्या फेरीत यंत्र जमिनीपासून ८ ते १० इंचांवर ठेवावे, कारण दगड त्याच फेरीत समजतात. चुरा वाळल्यावर दुसऱ्या फेरीत ४ इंचांपर्यंत खाली यावे. टॉपलिंकने, म्हणजे यंत्राला वरून धरणाऱ्या लांबी बदलता येणाऱ्या दांड्याने, यंत्राची पुढची कड मागच्या कडेपेक्षा इंचभर खाली ठेवली तर ताकद कमी लागते. पीटीओ मंद इंजिनवर जोडा, मग हळूहळू मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत आणा आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवा. वेग कमी-जास्त करायचा तो गिअरने, रेस कमी करून नव्हे. इंजिन दबू लागले तर खालचा गिअर घ्या. सर्वांत खालच्या गिअरमध्येही दबत असेल तर झाडोरा यंत्राच्या मर्यादेपलीकडचा आहे असे समजून चेनसॉ बाहेर काढा.

उंच झुडपावर यंत्र उचलून, उलटे जाऊन, वरून दाबण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहतो. पाती उघडी पडलेली असताना तसे करणे म्हणजे दगड आणि खोडाचे तुकडे चहूकडे उडवणे होय. गिअरबॉक्स पीटीओचे फेरे वाढवतो, त्यामुळे ५ फुटी यंत्राचे पाते मिनिटाला ९००च्या आसपास फेरे घेते आणि त्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. त्या वेगाने सुटलेला दगड शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. माझ्या यंत्राचा पात्याचा बोल्ट एकदा सैल झाला आणि पाते सुटून ६० पावलांवरच्या लिंबाच्या खोडात रुतले. त्या सावलीत थोड्या वेळापूर्वी एक गुराखी मुलगा बसलेला होता. तेव्हापासून पात्यांचे बोल्ट मी नव्या बसवणीनंतर दोन तासांनी आणि पुढे दररोज सकाळी पान्याने तपासतो, यंत्राच्या पुढे-मागे साखळ्यांचा पडदा असल्याशिवाय काम करत नाही आणि शंभर मीटरच्या आत माणूस किंवा जनावर दिसले तर पीटीओ बंद करतो. रस्त्यालगतच्या कडेला एक माणूस फक्त लोकांना थांबवण्यासाठी उभा ठेवावा. मडगार्डवर दुसऱ्या कोणालाही बसू देऊ नका, मग तो मालक असो वा घरचा मुलगा. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर काढून टाकू नका. तो शाफ्ट सेकंदाला ९ फेरे घेतो आणि गमछाचे टोक त्यात गेले तर सावरायला वेळ मिळत नाही. यंत्राखाली काही अडकले, तर पीटीओ सोडा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला, पाती पूर्ण थांबू द्या आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे लावूनच हात घाला, कारण केवळ लिफ्टच्या भरवशावर त्याच्याखाली जाणे धोक्याचे आहे.

पात्यांबाबत एक गैरसमज दूर करतो. झुडपांच्या स्लॅशरचे पाते कोयत्यासारखे धारदार करायचे नसते. दीड-दोन मिलिमीटरची बोथट धार पुरते, कारण ते वेगाने आणि वजनाने तोडते. पातळ धार पहिल्याच दगडावर दुमडते. पाती नेहमी जोडीने बदला, दोहोंचे वजन सारखे असू द्या, आणि गावात जुन्या कमानपाट्याची पाती करून देतात ती घेऊ नका. तो पोलादाचा प्रकार कडक असतो, पण दगडावर आपटल्यावर त्याचा तुकडा उडतो. तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंगही करू नये.

वाळलेले गवत गिअरबॉक्सभोवती साठते आणि तापलेल्या गिअरबॉक्सवर ते पेट घेऊ शकते. दर दोन तासांनी ते झाडून काढा आणि पाण्याने भरलेला पाठीवरचा पंप ट्रॅक्टरजवळ ठेवा.

टायरांविषयीची आपली भीती रास्त आहे. वेड्या बाभळीचा वाळलेला काटा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये शिरतो आणि आठवड्याने ट्यूबपर्यंत पोचतो, त्यामुळे पंक्चर कामाच्या दिवशी न होता नंतर होते. या कामासाठी मी झिजलेले पण जाड प्लायचे जुने टायर वेगळे ठेवले आहेत, ट्यूबमध्ये सीलंट घालतो आणि रोज संध्याकाळी टायरवर पाणी मारून दिसतील तेवढे काटे पकडीने काढतो. त्याहून मोठा धोका खुंटांचा आहे. कोयत्याने तिरपे तोडलेले खोड भाल्यासारखे उभे राहते आणि टायरची बाजू फाडते; स्लॅशरने तोडलेल्या खुंटाचे टोक झाडूसारखे फुललेले असते, ते तितके घुसत नाही. म्हणून स्लॅशरपूर्वी मजूर लावून कोयत्याने छाटणी करून घेऊ नका. चेनसॉने तोडाल ती जाड झाडे मात्र मुद्दाम तीन-चार फूट उंच ठेवून तोडा. जेसीबीला तेवढा दांडा पकडायला मिळाला, की बुंधा मुळासकट कलंडतो. जमिनीलगत कापलेला बुंधा उपटायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि खड्डाही मोठा पडतो. जाड लाकूड कोळसावाले किंवा वीटभट्टीवाले घेतात, त्यातून जेसीबीचे बरेचसे भाडे सुटते.

छाटणी आणि जेसीबीने मोठे बुंधे काढणे यांत महिन्याहून अधिक अंतर ठेवू नका. अंगठ्याएवढी रोपे पलटी नांगराने ९ ते १० इंच खोल नांगरले की मुळासह वर येतात. मनगटाएवढे बुंधे मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, जमीन मऊ असताना, टिकाव-पहारीने फूटभर खोल खणून काढावेत. बुंध्याचा वरचा फूटभर भाग निघाला, की खाली उरलेली मुळे सहसा फुटत नाहीत. त्या पहिल्या खरिपात फेकून पेरलेले पीक घेऊ नका. तूर किंवा बाजरी रुंद ओळींत पेरा, म्हणजे ओळींच्या मध्ये आलेला प्रत्येक फुटवा कोळपणीच्या वेळी दिसेल आणि तिथल्या तिथे खणता येईल. आधीच्या वर्षांतल्या शेंगांचे बी जमिनीत पडून आहे आणि ते पुढे काही वर्षे उगवत राहील. शेळ्यांच्या व गुरांच्या पोटातून आलेले बी तर अधिकच चांगले रुजते, म्हणून शेजारच्या रानातल्या शेंगा खाऊन आलेली जनावरे उन्हाळ्यात आपल्या मोकळ्या रानात बसवू नका, आणि पहिली दोन वर्षे शेणखत विकत घेताना ते कुठल्या गोठ्यातले आहे हे विचारून घ्या.